सुइचूचं ‘चालेल’

ग्वांगचौ स्टेशनच्या पश्चिमेला जो घड्याळबाजार आहे, तिथे फर्स्ट कॉपीचा माल खरंच एक नंबर आहे की नुसता वरून चकचकीत, हे कुणाला बघायचं असलं की तो तिसऱ्या मजल्यावर छाय हानशंगच्या गाळ्यात जाई. नाव गाळ्यावर हानशंगचं, पण लोक जात ते त्याच्या बायकोकडे. हानशंग बोलण्यात पटाईत. फोनवर परदेशातल्या गिऱ्हाइकांना फोटो पाठवायचे, त्यांच्या शंका फेडायच्या, धाडीची कुणकुण लागली की हसतहसत शटर ओढायचं, हे सगळं त्याचं. सुइचू मागच्या कोपऱ्यात दिव्याखाली, डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसलेली असे.

तिच्यापुढे घड्याळ ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. कलिंगड वाजवून बघावं तसं ती ते आधी कानाशी नेऊन हलवी. आतलं फिरतं वजन खरखरलं की तिच्या कपाळाला आठी पडे. मग चावीचं बटण ओढून बघे: दाराच्या नव्या कडीसारखं घट्ट बसतंय की म्हाताऱ्याच्या दातासारखं हलतंय. मग भिंग. तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध आहे की एका कडेला टेकलाय, काट्यांच्या कडा घासून घेतल्यात की तशाच करवती सोडल्यात, काचेखाली धुळीचा कण आहे का. शेवटी मागचं झाकण उघडून मशीन. तिथे तिची नजर पहिल्यांदा स्क्रूंच्या खाचांवर जाई. “ज्यानं स्क्रू नासवला त्यानं आत काय दिवे लावले असणार,” असं ती पुटपुटे. केसाएवढी बारीक स्प्रिंग सगळीकडून सारखी फुलते-मिटते का ते ती श्वास रोखून बघे, आणि मग एकच शब्द बोले. ‘परत’, नाहीतर ‘चालेल’.

तिचं ‘चालेल’ म्हणजे पक्कं. तिनं पास केलेलं घड्याळ वर्षानुवर्षं तक्रारीनं परत आलं नव्हतं. शहराबाहेर ज्यांचे जोडणीचे छोटे कारखाने होते ते लोकसुद्धा नवा माल काढला की पहिला नग तिच्याकडे धाडत. त्यांच्यातला एक थोंग, पोट सुटलेला, तोंडाचा फाटका पण मनानं बरा. तो म्हणायचा, “वहिनी, तुम्ही नवरा कसा पास केलात तेवढं सांगा. याच्या तर सगळ्याच कडा करवती आहेत.” यावर हानशंगच सगळ्यांत मोठ्यानं हसे.

ती दोघं भेटली होती तीही अशाच एका कारखान्यात. हानशंगच्या हातून स्क्रू उडत आणि ती ते लादीवरून शोधून देई. चिमटा त्याला कधी जमलाच नाही. सुइचूला तो आवडला तो त्याच्या विचारण्यामुळे. हा शर्ट बरा दिसतो का, रस्स्यात मीठ पुरे का, हा गाळा घेऊ का, या माणसावर विश्वास ठेवू का. तिला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नसे. घरी गावी त्याची आई कुरकुरे, “बाईच्या ओंजळीनं पाणी पितोय.” तो म्हणे, “ओंजळ स्वच्छ आहे ना, मग झालं.”

त्यांना एक मुलगी होती, निंगनिंग. तिसरीत होती. शाळा सुटली की गाळ्यावर यायची, काउंटरच्या मागे पाट टाकून अभ्यास करायची, म्हणजे करायला बसायची. तिचं सगळं लक्ष बाहेरच्या जिन्यात रबराच्या उड्या मारणाऱ्या पोरींकडे. घड्याळांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. चारी भिंतींवर घड्याळं टांगलेली आणि ही शेजारच्या ग्वेइमावशींना विचारायची, “मावशी, किती वाजले?” ग्वेइमावशींचा पट्ट्यांचा गाळा होता. त्या कपाळावर हात मारून घेत, “घड्याळवाल्याची पोर तू! सांग बघू, मोठा काटा कुठाय?” निंगनिंग भिंतीकडे बघून म्हणे, “कुठल्याचा? सगळ्यांचे वेगवेगळीकडे आहेत.” आणि ते खरंच असे, कारण विक्रीची घड्याळं कुणी लावून ठेवत नाही.

नववर्षाच्या आधीचे दिवस म्हणजे बाजारात श्वास घ्यायला फुरसत नसते. सुट्टीवर कारखाने बंद होण्याआधी सगळ्यांना माल हातावेगळा करायचा असतो. त्या वर्षीही सुइचूपुढे घड्याळांनी भरलेल्या ताटांच्या राशी होत्या. निंगनिंग दुपारी आली ती पोट धरूनच. “आई, दुखतंय.”

“काय खाल्लंस?”

“काही नाही.”

“म्हणजे काहीतरी खाल्लंयस.” सुइचूनं भिंग कपाळावर सरकवलं, मुलीला जवळ ओढलं आणि पोट दाबून बघितलं. कपाळाला हात लावला. अंग जरासं कोमट वाटलं, पण गाळ्यात दिव्यांची ऊबच तशी होती. हानशंग पलीकडे खोकी बांधत होता. तिथूनच त्यानं विचारलं, “काय गं, असंच चालेल की दवाखान्यात नेऊ?”

“चालेल,” सुइचू म्हणाली. “नको इतक्यात. घरी गेल्यावर पेज पिऊन झोपली की उतरेल.”

हानशंगनं पुन्हा दोरीला गाठ मारली. त्याला बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं पोट दुखायचं थांबलं होतं. ती तशीच पडून होती, पण “आता नाही दुखत” म्हणाली, दोन घोट पेजही प्यायली. सुइचू निर्धास्त होऊन बाजारात गेली आणि ग्वेइमावशींची बहीण घरी सोबतीला बसली. संध्याकाळी त्या बहिणीचा फोन आला तेव्हा निंगनिंग तापानं फणफणली होती आणि ओळख देत नव्हती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी जे करता येतं ते सगळं केलं. त्यांनी नंतर सांगितलं की अपेंडिक्स फुटलं होतं. फुटलं की दुखणं एकदम उतरतं, आणि तोच फसवा वेळ. सांगणारी तरुण डॉक्टरीण होती. “आदल्या दिवशी आणलं असतंत तर…” एवढं म्हणून ती थांबली.

त्यांच्या मुलखात लहान मूल गेलं तर थडगं बांधत नाहीत, आणि पिकल्या केसांनी काळ्या केसांना पोचवायला जाऊ नये म्हणतात. हानशंगच्या आईनं सगळं ठरवलं. चुलत दीर राख घेऊन खाडीच्या मुखाशी गेला. सुइचूला घरात बसवून ठेवलं होतं. तिनं फक्त विचारलं, “भरती होती की ओहोटी?” कुणाला सांगता आलं नाही.

गाळा पुन्हा उघडला. लोक यायचे, हळू आवाजात बोलायचे, संत्री ठेवून जायचे. थोंग आला तो मुकाट उभा राहिला, थट्टेचा एक शब्द नाही. सुइचूनं त्याच्या मालाचं ताट पुढं ओढलं. सगळं तपासून झाल्यावर म्हणाली, “परत.”

“कुठला नग, वहिनी?”

“सगळे.”

थोंगनं हानशंगकडे बघितलं. हानशंग म्हणाला, “असेल काहीतरी.” आणि होतंच. तिनं एकेक दाखवलं. एकाची सेकंदाची खूण लेशमात्र कलती, एकाच्या कड्याच्या आतल्या बाजूला ओरखडा, एकाच्या अंधारात चमकणाऱ्या रंगाचा ठिपका बाकीच्यांहून किंचित पुसट. थोंगनं ताट उचललं आणि मान डोलावली. पहिल्या-पहिल्यांदा बाजारात सगळे म्हणाले, दुःखानं बाईची नजर आणखीच धारदार झाली.

पण मग दर ताटाचं तेच होऊ लागलं. जे मशीन तिनं आधी डोळे झाकून घेतलं असतं त्यातले माणकाचे बारीक खडे तिला आता गढूळ दिसत. पट्ट्याच्या कडीचा टोकाचा कोपरा बोटाला टोचला की घड्याळ परत. ठोके मोजणाऱ्या यंत्रावर रेघ सरळ आली तरी ती घड्याळ उलटं-पालटं करून, आडवं, उभं, पुन्हा लावून बघे आणि कुठेतरी रेघ केसभर तिरपी होईपर्यंत सोडत नसे. मग “परत” म्हणे आणि तिला क्षणभर हायसं वाटे. आपल्याला वाईट सापडलं, वेळेत सापडलं. ते हायसं वाटणं पुढचं घड्याळ उचलेपर्यंतच टिके.

“सुइचू,” ग्वेइमावशी एकदा जेवणाचा डबा घेऊन तिच्याशेजारी येऊन बसल्या. “अगं, ही कॉपी आहे. घेणाऱ्यालाही माहितीये की कॉपी आहे. तू काय देवाला नैवेद्य निवडतेयस का?”

“मावशी, तुम्ही बघा ना. ही स्प्रिंग बघा. एका बाजूला जास्त फुलतेय.”

मावशींनी भिंगातून बघितलं. त्यांना चकाकीशिवाय काही दिसलं नाही. “दिसतंय हो,” त्या म्हणाल्या आणि तिच्या ताटलीत मुळ्याचं लोणचं वाढलं.

हानशंग गिऱ्हाइकांना थोपवत राहिला. माल येतोय, तपासतोय, सुट्ट्या होत्या. त्याचा आवाज फोनवर तसाच गोड होता, पण फोन ठेवला की तो भिंतीकडे तोंड करून उभा राही. सुइचूला एक गोष्ट हळूहळू कळत होती. हानशंग आता तिला काही विचारत नव्हता. रस्सा अळणी असला तरी खाई. गळ्याशी उसवलेला शर्ट घालून निघे. सकाळी छत्री घेऊ का, एवढंही तो आभाळाकडे बघून स्वतःच ठरवी.

शरद ऋतू लागला तेव्हा थोंग एक छोटं ताट घेऊन आला. पाचसहा घड्याळं, सगळी एकाच जातीची, काळ्या तबकडीची. “वहिनी, नवीन घाट आहे. जरा जीव लावून बघा,” तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा जास्तच गोड होता. पलीकडच्या गाळ्यातले दोघेतिघे उगाचच दारात रेंगाळले. हानशंग हिशेबाच्या यंत्राची बटणं दाबत होता, काही हिशेब नसताना.

सुइचूनं एकेक घेतलं. परत. परत. परत. चौथं घड्याळ हातात आलं तेव्हा तिचा हात थबकला. वजन चांगलं होतं. बटण असं फिरलं जसं लोण्यात बोट. ती बराच वेळ बघत राहिली. कारखान्यात पहिल्यांदा मशीन जोडलं आणि ते चालू झालं, त्या दिवशी जसं वाटलं होतं तसं तिला क्षणभर वाटलं. मग तिनं मिनिटकाट्याच्या टोकाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. टोक एका बाजूनं थोडंसं जास्त घासलं गेलं होतं. जगात कुणाला दिसणार नाही इतकं.

“हेही परत,” ती म्हणाली. “काटा.”

दारातल्यांपैकी एकाच्या तोंडून फस्‌कन हसू निसटलं. थोंग हसला नाही. त्यानं ते घड्याळ दोन्ही हातांनी उचललं, खिशातल्या मऊ कापडात गुंडाळलं आणि म्हणाला, “वहिनी, हे अस्सल आहे. मूळ कंपनीचं. मापं घ्यायला एका शौकीन माणसाकडून मागून आणलंय. परत कुठं पाठवू हे?”

सुइचूनं हानशंगकडे बघितलं. तो लादीकडे बघत होता. त्यावरून तिला कळलं की त्याला ठाऊक होतं.

तिनं भिंग काढलं आणि कपड्याला न पुसता तसंच काउंटरवर ठेवलं. “बाकीची घेऊन जा, थोंगशेठ,” ती शांतपणे म्हणाली. “चांगली आहेत सगळी. आज मला नीट दिसत नाहीये.” थोंगचा चेहरा पडला. तो काहीतरी म्हणणार होता, ग्वेइमावशींनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि जिन्यात त्याची अशी खरडपट्टी काढली की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

संध्याकाळी घरी सुइचूनं नेहमीसारखा भात लावला, मासा वाफवला. दोघं समोरासमोर बसली.

“डोकं थोंगचं की तुझं?” तिनं विचारलं.

“थोंगचं. पण मी नको म्हणालो नाही.”

“मला वेड लागलंय असं वाटतं तुला.”

“तू दमलीयेस असं वाटतं.”

“दमले असते तर नजर चुकली असती. तो काटा खरंच जास्त घासलाय, हानशंग.”

“असेल. मी कुठं नाही म्हणतोय? अस्सल घड्याळातही असतं गं तेवढं. माणसांच्याच हातचं असतं तेही.”

“मग तेही जाऊ द्यायला नको होतं.”

हानशंगनं जेवायच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या. “असं केलं तर जगात काहीच राहणार नाही.”

“तू मला काही विचारत नाहीस आता,” ती म्हणाली. “बघतेय मी. माझ्या शब्दावर तुझा विश्वास उरला नाही. मग तोंडानं बोल ना. इतके महिने मुखवटा लावून फिरतोयस. आणि मी एकटीच होते का त्या दिवशी गाळ्यात? तू बाप होतास ना तिचा? तुला पाय होते ना? तू का नाही उचलून नेलंस?”

“तू ‘चालेल’ म्हणालीस.”

त्यानं ते हळूच म्हटलं, रागानं नाही. लहान मुलानं शाळेत बाईंना सांगावं तसं, जे घडलं तेवढंच. शब्द तोंडातून गेले आणि तो घाईघाईनं म्हणाला, “सुइचू, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“तसंच म्हणायचं होतं.” तिनं माशाचा काटा काढून एक तुकडा त्याच्या वाटीत ठेवला. “आणि खरं तेच आहे. जेव. गार होतंय.”

दोघांनी सगळं ताट संपवलं. एवढं मुकाट आणि एवढं नीटनेटकं ती दोघं आधी कधी जेवली नव्हती.

पुढच्या आठवड्यात सुइचू तिच्या माहेरी गेली. समुद्रकाठचं गाव, भाऊ कालवं पिकवायचा. किनाऱ्याला छपराखाली बायका दिवसभर बसून कालवं फोडत. तिची वहिनी म्हणाली, “तुझे हात घड्याळाचे, बाई. इथं रक्तबंबाळ होतील.” सुइचू म्हणाली, “होऊ देत.” तिला तिथलं एक बरं वाटलं. सुरी घालायची, शिंपला उघडायचा, आतलं काढून बादलीत टाकायचं. बरं का वाईट, कुणी विचारत नव्हतं. बायका नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या, सुनांच्या नकला करायच्या, आणि ती ऐकत बसायची. समोर पाणी वर यायचं आणि खाली जायचं. मुलीची राख जिथे सोडली ती खाडी तिथून फार लांब नव्हती. आता भरती कधी आणि ओहोटी कधी, हे तिला न बघताही कळायला लागलं होतं.

नववर्षाला हानशंग आला. हातात भेटीच्या पिशव्या, अंगावर नवा कोट, बाह्या लांब झालेला. त्यानं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मेहुण्याबरोबर चहा घेतला आणि मग छपराखाली येऊन तिच्याशेजारी स्टूल ओढून बसला. “मलाही दे एक सुरी.”

“कापून घेशील.”

“घेऊ दे.”

तिसऱ्याच शिंपल्याला सुरी घसरली आणि तळहात चांगलाच फाटला. सुइचूनं त्याचा हात बादलीतल्या खाऱ्या पाण्यात दाबला, कमरेच्या फडक्यानं आवळून बांधला. हानशंग रक्ताकडे बघत होता आणि बघता बघता त्याचे खांदे हलायला लागले. इतक्या दिवसांत तो तिच्यासमोर रडला नव्हता.

“निंगनिंग,” तो म्हणाला. दुसरं काही त्याला म्हणताच येईना. “निंगनिंग, निंगनिंग.” घरातही ते नाव कुणी घेतलं नव्हतं, तिनंही नाही. सुइचूनं त्याचा बांधलेला हात तसाच आपल्या मांडीवर धरून ठेवला आणि तीही रडली, तोंड न झाकता. बायकांनी गाणं-गप्पा थांबवल्या. वहिनीनं सगळ्यांना हातानं खूण करून उठवलं आणि छपराखाली दोघंच राहिली.

“चल परत,” शेवटी तो म्हणाला. “गाळ्यात नको बसूस. नुसती घरी राहा.”

“तू माझ्याकडे बघशील तेव्हा तुला काय दिसेल?”

खोटं बोलायला त्याला जमलं असतं, दिवसभर तोच धंदा होता. पण तिच्यापाशी त्यानं ते कधी केलं नव्हतं आणि आताही केलं नाही.

“आणि मला तुझ्याकडे बघून तेच दिसेल,” सुइचू म्हणाली. “जा. दुपारची बस आहे. हाताला पाणी लावू नकोस.”

वर्षभरानं त्यांनी रीतसर फारकत घेतली. भांडण नव्हतं, वाटणी करण्यासारखं फारसं नव्हतं. कचेरीतून बाहेर पडल्यावर त्यांनी शेजारच्या दुकानात गोमांसाच्या गोळ्यांचा रस्सा खाल्ला. हानशंगनं तिच्या वाटीत मिरपूड घातली, तिला लागायची तेवढी. गाळा पुढं तो थोंगबरोबर भागीत चालवू लागला. तपासायला एक तरुण मुलगी ठेवली, ती यंत्रावर रेघ बघून माल सोडते आणि कुणाची तक्रार नाही, असं ग्वेइमावशींनी फोनवर कळवलं. त्यांनीच पुढे चाचरत हेही कळवलं की हानशंगच्या आईनं त्याचं दुसरं लग्न जमवलंय. “बरं झालं,” सुइचू म्हणाली. मावशी पलीकडे रडत होत्या. सुइचूच त्यांना समजावत बसली.

त्याच्या पुढच्या वर्षी वसंतात एका सकाळी हानशंगचा स्वतःचा फोन आला. त्यानं आधी तिच्या भावाची चौकशी केली, कालवांच्या पिकाची केली, हवेची केली.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“मुलगा झाला. काल महिना पूर्ण झाला. मी म्हटलं, तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.”

सुइचूनं ओला हात कापडाला पुसला. “दोघं बरी आहेत?”

“बरी आहेत. रडतो फार.”

“रडू दे. रडणारं बरं.” तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “हानशंग, त्याला जरा काही झालं, ताप, पोट, काहीही, तर कुणाला विचारत बसू नकोस. लगेच उचलायचं आणि न्यायचं. ऐकलंस?”

“हो.”

“उगीच नेलंस तरी चालतं. लोक हसले तरी हसू देत.”

“हो, सुइचू.”

दोघांनीही फोन ठेवला नाही. पलीकडून पोराच्या रडण्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी बाई त्याला थोपटत गुणगुणत होती. इकडे भावाची होडी किनाऱ्याला लागली, शिंपल्यांनी भरलेल्या टोपल्या वाळूवर धपाधप पडू लागल्या आणि वहिनीनं छपरातून हाक मारली, “अगं, ये लवकर, ऊन चढायच्या आत उरकू!”

“जा,” हानशंग म्हणाला. “बोलावतायत तुला.”

“तू ठेव आधी,” ती म्हणाली.